काकडीचं लुगडं

६ जुलै, रविवार

चिकनचं पंख गेलं! ह्यायच्या ताटात वाढणार, तेवढ्यात मोनालीनं मधात हात घातला — "आई, हे मले पाहिजे. शाळेसाठी." शाळेत आता पोट्टे रस्सा शिकतेत काय? पण सून सायन्सची मास्तरीण, दहावीले शिकवते. तिच्याशी वाद घालायचा म्हणजे अर्धा दिवस गेला. मी सातवी पास. म्हटलं, घे बाप्पा.

पंख धुतलं. मांस काढलं. हाडं ताटलीत मांडली, अन् बाजूले मले हात ठेवायले लावला.

"वर एक हाड. मग दोन हाडं. मग मनगटाचे बारीक तुकडे. मग बोटं. आता स्वतःचा हात चाचपा."

चाचपला. वर एक. खाली दोन. मग खडे-खडे. मग बोटं. आता काय म्हणावं!

म्हणते, बकरीच्या पायात हेच, वटवाघळात हेच, समुद्रातल्या देवमाशातही हेच. एकाले उडायचं, एकाले पळायचं, एकाले पोहायचं — काम वेगळं, तर सामान एकच काहून? कारण सगळ्यायचं मूळ घराणं एक. घर तेच, ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं भिंती सरकवल्या.

मी म्हटलं, "म्हणजे आज मी माह्या चुलतभावाले फोडणी देली म्हण ना!"

प्रेमाले ठसका लागला. माहा पोरगा, बुटीबोरीच्या कारखान्यातून रातपाळी करून आलेला, डोळे उघडत नव्हते — पण बायकोच्या बाजूनं हसायले बरोबर जागा! हे मात्र शांत. म्हणाले, "चुलतभाऊ असो का मामा. दुसरं पंख आहे काय?"

७ जुलै

हाडं खिडकीत वाळत घातली होती. एक कावळा घेऊन गेला. मोनाली चिडली. म्हटलं, जाऊ दे वं, पाखराचं पाखराले गेलं.

९ जुलै, बुधवार

आज नवीन काढलं तिनं. अंगठा करंगळीले लावायचा, मनगट जराक वाकवायचं — मधात एक तार उभी राहते. झाडावर लोंबकळायच्या कामाची होती म्हणे. आता काम उरलं नाही. म्हणून काही लोकायले ती नसतेच, अन् त्यायचं काही अडतही नाही.

माह्या डाव्या हाताले नाही! उजव्याले आहे. प्रेमाले दोन्हीकडं नाही. ह्यायले दोन्हीकडं, दोरखंडासारखी.

"म्हणजे मी तुमच्याहून अर्धी पुढं गेली," मी ह्यायले म्हटलं. "तुम्ही अजून झाडावरच."

"पुढं-मागं असं नसतं आई," मोनाली म्हणते. "ही शिडी नाही, झाड आहे. फांद्या फुटत जातेत. माकड आपला आजोबा नाही, चुलतभाऊ. दोघायचा पणजोबा एक."

पणजोबाचा फोटो विचारला. नाही म्हणे. हाडं आहेत, थोडी-थोडी, जगभर सापडलेली.

मग हे म्हणाले, "मले असं येते" — अन् कान हलवले! दोन्ही! एवढा जुना संसार, अन् हा माणूस कान हलवते हे मले आज समजलं. मोनाली तर टाळ्या वाजवायले लागली. "बाबा, तुम्ही पुरावा आहे पुरावा! कुत्र्या-मांजराले आवाजाकडं कान वळवायले ते स्नायू लागतेत. आपल्यात नुसते उरले."

हे एवढे फुगले की संध्याकाळी दूधवाल्यालेही हलवून दाखवले. रेल्वेत जिंदगी काढली, कधी मेडल भेटलं नाही. आज भेटलं.

१० जुलै

दूधवाल्याले तार आहे. भाजीवालीले नाही. भाजीवाली घाबरली, म्हणे डॉक्टरले दाखवू काय? म्हटलं, मलेही अर्धी नाही, मी मेली काय?

गल्लीतले सगळे हात पाहून झाले. एक घर सोडून.

१३ जुलै, रविवार

काकडीचं पहिलं बी चिखलात सडलं. आज दुसऱ्यांदा लावलं — मागच्या वाडीत, भिंतीच्या कडेनं. यंदा काकडी गोड झालीच पाहिजे. झालीच!

हे बी मायचं आहे. दसऱ्याले उमरेडकडून, भंडाऱ्याकडून लोक दीक्षाभूमीले जातेत, तेव्हा माय नाक्यावर टोपलं घेऊन बसे. काकडी चिरायची, तिखट-मीठ लावायचं, येईल त्याच्या हातावर ठेवायची. उन्हात चालून आलेला माणूस ती खाऊन असा काही चेहरा करे! माय गेली, टोपलं माह्याकडं आलं. आता तिथं मंडळाचा मोठा स्टॉल लागते, पण काकडी माहीच.

मागच्या साली पवनीकडची एक म्हातारी फोड तोंडात घातल्याबरोबर थुंकली. "बाई, कारलं सोलून देलं काय वं?" सगळा स्टॉल हसला. मीही हसली. घरी येऊन टोपलं आपटलं.

आज गोविंदा आला. टेलर आहे, मंडळाचा अध्यक्षही तोच — एक पाय मशीनवर अन् दुसरा सगळ्यायच्या घरात. म्हणते, "सिंधूताई, यंदा बिस्किटाचे पुडे देऊ. झंझट नाही, थुंकणं नाही."

झंझट मलेही आवडत नाही. पण पुडा! मायच्या टोपल्यात पुडा!

म्हटलं, "दसऱ्याच्या आदल्या दिवशी ये. टोपलंभर गोड काकडी नसली, तर पुडे मी स्वतः वाटन. पुन्हा काकडीचं नाव काढणार नाही."

बोलून बसली.

१४ जुलै, सोमवार

काकडी कडू काहून झाली हे मले पक्कं माहीत आहे. गोपिकेमुळं.

शेजारीण. भिंतीले भिंत. पहिले वरून वाटी इकडं, वाटी तिकडं. बीसुद्धा तिले मीच देलं होतं, मायचंच. तिच्या पोरीच्या लग्नात जरीपटक्याच्या बाजारातून जांभळं पातळ आणून देलं, पिवळ्या बुट्ट्यायचं. आता बोहारणीले देऊन तिनं गंज घेतला असन.

बाई इतकी हळू की उतू गेलेलं दूध थंड होते तेव्हा गॅसजवळ पोचते. अन् नाटकं केवढी! वेलावरची सगळ्यात चांगली काकडी तोडायची नाही — तिले चिंधी बांधायची. "ही बियाची." म्हणजे घरातल्या कोणी चुकून तोडू नये. मग ती पिवळी होईपर्यंत दुरून पाहत बसायचं. मी म्हणत होती, "गोपे, काकडीले लुगडं नेसवलं, आता वरात काढ!"

मग तिनं भिंतीवर कारलं सोडलं. अन् तवापासून माही काकडी कडू व्हायले लागली. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! मी तोंडावर सांगितलं. ती म्हणे, "कडूपणा माह्या कारल्यात नाही सिंधू, तुह्या जिभेत आहे." मी दुसऱ्याच दिवशी भिंतीवर टीन ठोकून घेतलं. पुरुषभर उंच. कारलं दिसत नाही, बाईही दिसत नाही.

सहा वर्षं झाली. बोलणं बंद.

१८ जुलै, शुक्रवार

मोनालीले कारल्याचं सांगितलं. ती हसायलेच लागली.

"आई, कारल्याचं अन् काकडीचं लग्न लागतच नाही. जात वेगळी."

"ह्या घरात जात काढते?"

"प्रजाती म्हणते मी, प्रजाती! मधमाशी टिनावरून खुशाल येते, पण कारल्याच्या परागानं काकडी कडू होत नाही. शेजारून गुण लागत नसतो. गुण वाणातूनच येते."

"अन् तो जिराफ? मान ताणून ताणून लांब झाली म्हणतेत."

"पहिले काही लोक तसंच समजत होते. पण —"

मी मधातच थांबवलं. "थांब. जात्यावर दळून दळून माह्या हाताले घट्टे पडले होते. प्रेमा झाला तेव्हा त्याचे हात तर लोण्यासारखे. मग?"

"बस्स, आई! हेच मले पोरायले सांगायचं असते." मग तिनं नीट सांगितलं. जिराफात जन्मतःच काहीयची मान जराक लांब, काहीयची आखूड. लांबवाल्याले उंचावरचा पाला भेटला. तो तगला. त्याचेच पिल्लं जास्त झाले, अन् त्यायच्याही माना लांब. असं लाखो वर्षं. कोणी ताणलं नाही, कोणी ठरवलं नाही.

हे पटलं. कारल्याचं पटलं नाही. तसं लिहून ठेवते — पटलं नाही!

२ ऑगस्ट, शनिवार

मच्छर! कॉइल लावली तर कॉइलवर बसून राहिले मेले. पहिले ह्याच कॉइलनं पटापट पडत होते. कंपनी भेसळ करते, मी म्हटलं.

मोनाली म्हणे, भेसळ नाही, हीच उत्क्रांती. आपण मारले ते मेले. हजारात एखाददोघं जन्मतः चिवट होते ते वाचले. पुढचे सगळे त्यायचेच पोरं. दरवर्षी आपण औषध मारतो अन् दरवर्षी चिवट तेवढे मागं ठेवतो.

"म्हणजे आपणच निवडून निवडून पहिलवान तयार केले?"

"अगदी तसंच."

हे तर ताबडतोब समजलं. जिराफापेक्षा मच्छर बरा. दारात पाहायले भेटते.

१० ऑगस्ट, रविवार

मोनालीनं तिच्या कॉलेजच्या सरायनं देलेला एक दगड कपाटातून काढून दाखवला. साधा राखाडी दगड, पण आत बारीक गोगलगाय. पूर्ण, पिळासकट! दगड झालेली. नागपूरच्याच आसपासच्या जमिनीतली. साडेसहा कोटी वर्षांमागं इथं जमिनीतून तापलेला रस वाहे — तोच थंड होऊन आपला काळा दगड झाला. तो रस थांबला की मधल्या काळात तळी साचत. ही त्या तळ्यातली.

मी हातात घेऊन पाहून राहिली. साडेसहा कोटी! अन् आमच्या गल्लीत तीन साल जुन्या नालीचं कोणाले आठवत नाही.

"खाली जुने थर, वर नवे," ती म्हणे. "सगळ्यात खालच्या थरात ससा भेटला असता तर सगळी थिअरी कोसळली असती. आजवर भेटला नाही."

हे मले आवडलं. अशी शर्त लावून बोलावं माणसानं. मी गोविंदाशी लावली तशी.

११ ऑगस्ट

लिंबाच्या लोणच्यावर झाकण नीट बसेना, म्हणून तो दगड ठेवला. मोनाली किंचाळली. दगडच तर आहे! साडेसहा कोटी वर्षं काही झालं नाही त्याले, लोणच्यानं काय होते?

३१ ऑगस्ट, रविवार

पहिली काकडी तोडली. टोक कापलं, मीठ लावून घास घास घासलं. फेस निघाला, पांढरा, साबणासारखा. चाखली.

कडू जहर.

दुसऱ्या वेलाची. कडू. तिसऱ्या वेलाची — त्याच्यापुढं कारलं गोड. ह्यायले न सांगता फोड देली. चावली, थांबले, गिळली. "चांगली आहे," म्हणे. अन् दोन्ही कान आपोआप मागं गेले!

पुरावा भेटला मले.

५ सप्टेंबर, शुक्रवार

गोड!! एक वेल गोड आहे!

टिनाच्या कोपऱ्यात, पार वरच्या काठाले गुंतलेला. कसा एवढा वर चढला मेला, मले पत्ताच नाही. पानं बाजूले केली तर चार-पाच लटकलेल्या. एक तोडली, न घासता तोंडात घातली, अन् — माय! तीच! तशीच थंड, तशीच कुरकुरीत. वाडीत एकटीच उभी राहून अख्खी खाल्ली. सालीसकट.

मोनाली शिक्षकदिनाचे गुलाब घेऊन घरी आली, तिच्या तोंडात फोड कोंबली. गोविंदाच्या दुकानात जाऊन त्याच्याही. "पाह्य! बिस्किटं राहू दे तुह्या घरी!" गोविंदा म्हणे, "एका काकडीनं स्टॉल होत नाही ताई." मेल्याचं तोंडच कडू.

७ सप्टेंबर, रविवार

त्या वेलाच्या सगळ्या काकड्या खाऊन-वाटून झाल्या. ठेवून ठेवून काय, सुकतेत. मोनाली म्हणे, "आई, एक तरी बियाले ठेवायची ना."

"बियाले गोड कायले वाया घालवू? बियाले तो कडू वेल आहे ना तिकडं. त्याच्या कोणी खात नाही. वेलावरच पिवळ्या होतेत. दरवर्षी तेच धरते मी."

ती विळीवरून वर पाहायले लागली. "दरवर्षी?"

"मग? गोड पोटाले, कडू बियाले. फुकट काही जाऊ देत नाही मी."

तिनं तोंडावर पदर दाबला. हसून राहिली का रडून, समजेना. मग एवढंच म्हणाली — "आई, ते मच्छर आठवतेत काय?" अन् भाजी घेऊन आत गेली.

मच्छराचं काय इथं?

८ सप्टेंबर, सोमवार

समजलं.

भांडे घासता घासता समजलं. हातातला गंज तसाच राहिला.

गोड वेल मी खाल्ला. कडू वेल मी राखला. पुढच्या साली कडूचे पोरं उगवले — त्यातही काही जराक गोड, काही लय कडू. जराक गोड पुन्हा खाल्ले. लय कडू पुन्हा बियाले. असं साल-दर-साल! कारल्यानं काही केलं नाही. मच्छराले कॉइलनं केलं, काकडीले मी केलं. मीच ती कॉइल!

मोनालीले बोलावून सांगितलं. मोठ्यानं हसली, मीही हसली. हसू थांबेना. ती म्हणे, जंगलात काकडीची मूळ जात कडूच असते. कडू असली की जनावर तोंड लावत नाही, बी वाचते. माणसानं हजारो वर्षं गोड-गोड निवडून तिले गोड केली.

"अन् ह्या बाईनं उलटी गाडी चालवली," मी म्हटलं. "म्हणजे काकडी माह्यापासून जीव वाचवायले कडू झाली."

"ती झाली नाही आई. जी कडू होती तिले तुम्ही सोडलं."

बरोबर. काकडीले काय डोकं आहे! डोकं मले होतं, मी वापरलं नाही.

९ सप्टेंबर

म्हणजे ती चिंधी नाटक नव्हतं.

१५ सप्टेंबर, सोमवार

गोपिका नळावर दिसली. तिनं पाहिलं. मी पाहिलं. बादली भरली. आली.

मोनाली म्हणे, जाऊन बोला ना. काय बोलू? "तुह्या कारल्याची माफी मागते"? सहा वर्षांनंतर कारल्याची माफी! लोक हसतीन. टीन काढलं तर गोविंदा विचारन काहून काढलं, अन् संध्याकाळपर्यंत सगळ्या नंदनवन वस्तीले माहीत. राहू दे. टीन काही खायले मागत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

गोड वेलाले पुन्हा काकड्या लागल्या. देवासारख्या लटकून राहिल्या म्हणायची, पण आमच्याकडं देव नाही — पाहुण्यासारख्या. त्यातली सगळ्यात चांगली मी बियाची ठरवली. मनात. तिच्याकडं पाहते अन् हात शिवशिवते. ही वाट पाहणं काय कामाचं असते बाप्पा! दिवसातून चारदा जाऊन येते. पिवळी व्हायचं नाव घेत नाही.

बाकीच्या स्टॉलसाठी राखल्या. टोपलंभर होत नाहीत, पण वेल जोरात आहे. होतीन.

२५ सप्टेंबर, गुरुवार

हे बियाची काकडी खाऊन बसले!

वाडीत गेले, दिसली, तोडली, खाल्ली. अन् मले येऊन सांगतेत — "आजची लय गोड होती वं."

"ती बियाची होती!"

"तिच्यावर लिहिलं होतं काय?"

लिहिलं नव्हतं. बांधलंही नव्हतं. मी जुन्या कपड्यायच्या गाठोड्यात चिंधी शोधायले गेली. मोनालीनं पाहिलं. गाठोड्याची गाठ सोडून देली पोरीनं. शहाणी आहे.

२९ सप्टेंबर, सोमवार

दोन दिवस झोड पाऊस. गोड वेलाची फुलं गळाली, राखलेल्या काकड्या सडल्या. कडू वेल मात्र ठणठणीत. मच्छर अन् कडू वेल — एक खानदान.

१ ऑक्टोबर, बुधवार

गोविंदा आला. बरोबर शब्दाप्रमाणं, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. मी टोपलं पुढं केलं. तळाशी सहा-सात काकड्या, त्याही पावसानं खडबडीत झालेल्या. हसला असता तर बरं झालं असतं. बिस्किटाचे खोके ओसरीत ठेवून गेला. "सकाळी या ताई," म्हणे, हळूच.

मायचं टोपलं. उद्या त्यात पुडे.

संध्याकाळी चिंधी घेऊन वाडीत गेली. म्हटलं एखादी जरी शिल्लक असली तर बांधावी, पुढच्या साली तरी. पानं बाजूले केली. आत, टिनाच्या काठाखाली, हाताएवढी काकडी — पिवळीजर्द, पिकलेली. पावसानं काही झालं नव्हतं तिले.

अन् तिच्या देठाले चिंधी.

मी बांधली नाही! ह्यायले विचारलं. "मी खाल्ली असती, बांधली नसती," म्हणाले. खरं आहे. मोनाली नाही म्हणे. प्रेमा तर वाडीत पाय ठेवत नाही.

चिंधी उजेडात धरली. जांभळी. पिवळ्या बुट्ट्यायची.

मग वेल धरून माग काढला. वेल खाली माह्या मातीत उतरतच नाही. वर जाते, टिनाचा काठ ओलांडते, अन् तिकडं उतरते. मुळी तिकडं आहे. गोड वेल माहा नव्हताच! एकच मायचं बी. तिनं चिंधी बांधून गोड राखलं, मी खाऊन खाऊन कडू केलं, मधात टीन. मोनाली म्हणे, "आई, मी वर्गात हे बेटायचं उदाहरण देऊन शिकवते. मधात समुद्र आला की एकाच घराण्यातले इकडचे पक्षी वेगळे होतेत, तिकडचे वेगळे." आमाले समुद्र लागला नाही.

एवढी मोठी काकडी पिकायले महिना तरी लागते. म्हणजे महिनाभरापासून ती टिनावरून हात घालून राहिली. माह्या बाजूले. अन् मी वेल चढला कसा म्हणून पाहत होती!

ह्यायले म्हटलं, पाना काढा. कायले ते विचारू नका.

२ ऑक्टोबर, गुरुवार

उजाडल्याबरोबर टीन काढलं. पलीकडं गोपिका उभी, बाजूले काकड्यायनं शिगोशीग भरलेलं टोपलं.

म्हणते, "लय उशीर केला वं सिंधू."